बुकशेल्फ स्पीकर बुकशेल्फवर ठेवू नका

नावावर जाऊ नका. चांगले बुकशेल्फ स्पीकर पुस्तकांच्या फळीवर ठेवायचे नसतात. हे नाव जुन्या काळातून चालत आलंय. १९५४ साली अमेरिकेत एडगर विल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी अकूस्टिक रिसर्च या कंपनीतर्फे एआर-१ नावाचा स्पीकर आणला. तोवर खोल खर्ज ऐकायचा तर कपाटाएवढं खोकं घरात आणावं लागे. विल्चरने पेटी हवाबंद केली आणि आत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगचं काम दिलं. मग तेवढाच खर्ज बऱ्याच लहान पेटीतून निघू लागला. आज बघितला तर एआर-१ सुद्धा दांडगाच वाटेल, पण फळीवर मावेल असा स्पीकर ही कल्पना तिथून रुजली. हल्ली या नावाने विकले जाणारे महागडे स्पीकर घडवणारी मंडळी मात्र बहुतेक वेळा असं धरून चालतात, की पेटी स्टँडवर असेल, भिंतीपासून सुटी असेल आणि ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा घुमट) तुमच्या कानाच्या रेषेत असेल.

नवख्या माणसाचा गोंधळ इथेच होतो. तो तीन महिने ब्रँड, वूफरचा (खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या पडद्याचा) व्यास, ट्वीटर रेशमाचा की बेरिलियमचा, यात घालवतो आणि घरी आणलेली पेटी टीव्हीच्या कपाटात कोंबतो. मग आवाज घुमतो, गाणारा कपाटातून गातोय असं वाटतं आणि दोष स्पीकरच्या माथी बसतो. माझं मत अगदी सरळ आहे: स्पीकर निवडायला सुरुवात खोलीपासून करा. पहिली खरेदी मोजपट्टीची.

पहिली पायरी: खोली मोजा

तीन मापं कागदावर घ्या. तुम्ही बसता तिथून स्पीकर किती लांब असतील, स्पीकरच्या मागे किती जागा सोडता येईल आणि खोलीची लांबी-रुंदी किती.

तिसऱ्या मापाचं महत्त्व सगळ्यात कमी जणांना ठाऊक असतं. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या लाटेची अर्धी लांबी बरोब्बर बसते, ती लाट त्या खोलीत अडकून फुगते. गणित सोपं आहे: ३४३ भागिले लांबीची दुप्पट. समजा खोली ४.२ मीटर लांब आहे, तर उत्तर येतं सुमारे ४१ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४१ कंपनं. बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की ४१.२ हर्ट्झचा सूर निघतो. म्हणजे या खोलीत नेमका तोच सूर काही जागी ढोलासारखा दणकेल आणि काही जागी गायब होईल. असाच दुसरा फुगवटा त्याच्या दुपटीवर, ८२ हर्ट्झला असतो. रुंदी आणि उंचीचंही असंच गणित करा. लांबी-रुंदी सारखी असेल तर दोन्हींचे फुगवटे एकाच सुरावर चढतात, म्हणून चौरस खोली सगळ्यात नाठाळ.

आता या आकड्यांचं करायचं काय? एक तर अशा खोलीत ३५ हर्ट्झपर्यंत उतरणारा अगडबंब स्पीकर हा नेहमीच फायदा नसतो, हे कळतं. लहान खोलीत ५० हर्ट्झच्या आसपास सौम्यपणे उतरणारी पेटी पुष्कळदा जास्त स्वच्छ वाजते. दुसरं म्हणजे बसायची जागा. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर खर्ज फुगतो, खोलीच्या बरोब्बर मध्यावर असेल तर पहिला फुगवटा तिथेच शून्य होतो आणि आवाज पोकळ लागतो. एखाद्या भिंतीपासून लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर डोकं येईल असं बसून बघा. हा काही मंत्र नव्हे, पण चाचपणी सुरू करायला बरा मुक्काम आहे. ४.२ मीटरच्या खोलीत हे अंतर १.६ मीटर येतं.

दुसरी पायरी: कागदावरचे आकडे वाचायला शिका

स्पीकर-अभियंते जोसेफ अँटन हॉफमन यांच्या नावाने एक नियम सांगतात. लहान पेटी, खोल खर्ज आणि जास्त संवेदनशीलता या तिन्हींतल्या दोनच गोष्टी मिळतील, तिसरी सोडावी लागेल. बुकशेल्फ घेताना लहान पेटी तुम्ही आधीच निवडलेली आहे. आता उरलेल्या दोहोंत भांडण. जाहिरात तिन्ही मिळतील म्हणत असेल तर कुठलातरी आकडा सैल हाताने लिहिलेला आहे.

संवेदनशीलता म्हणजे स्पीकरला २.८३ व्होल्ट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो ते. ८ ओहमच्या (ओहम हे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे एक वॉट. पण ४ ओहमचा स्पीकर तेवढ्याच व्होल्टला दोन वॉट ओढतो, त्यामुळे त्याचा आकडा फुकटात ३ डेसिबलने फुगलेला दिसतो. दोन स्पीकरची तुलना करताना हा हिशेब आधी सारखा करून घ्या. लहान महागडे स्पीकर बहुधा ८३ ते ८८ डेसिबलच्या दरम्यान असतात. हा काही कमीपणा नाही. बीबीसीने १९७०च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या व्हॅनमध्ये निवेदन तपासण्यासाठी एलएस३/५ए नावाची पेटी बनवली, जेमतेम पाच लिटरची. तिची संवेदनशीलता ८३ डेसिबलच्या आसपास, खोल खर्ज जवळपास नाहीच, पण माणसाचा आवाज इतका खरा की पन्नास वर्षांनंतरही लोक ती शोधून घेतात.

इम्पीडन्स, म्हणजे हाच अडथळा, ‘८ ओहम’ लिहिलेला असला तरी किमान किती, हेही बघा. काही ८ ओहमवाले मध्येच साडेतीनपर्यंत खाली येतात आणि हलक्या ॲम्प्लिफायरचा तिथे जीव जातो.

सुरांचा आवाका म्हणून ‘४५ हर्ट्झ ते २८ किलोहर्ट्झ’ एवढंच लिहिलं असेल तर ते वाचलं नाही असं समजा. पुढे ‘±३ डेसिबल’ (म्हणजे या आवाक्यात आवाज ३ डेसिबलपेक्षा जास्त वर-खाली होत नाही) असेल तर त्याला अर्थ आहे. कोणी तोच स्पीकर १० डेसिबल खाली गेलेला बिंदू पकडून ३५ हर्ट्झ लिहितो. तोही खोटं बोलत नसतो, फक्त सोयीचं बोलतो.

आणि जी गोष्ट कागदावर बहुधा छापलेलीच नसते, तीच सगळ्यात मोलाची: बाजूंना पसरणारा आवाज. घरात तुम्ही स्पीकरचा थेट आवाज ऐकता तितकाच भिंती-छतावरून परतलेलाही ऐकता. ध्वनिशास्त्रज्ञ फ्लॉइड टूल यांनी आधी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि पुढे हरमन या ऑडिओ कंपनीत पडद्याआड स्पीकर लपवून लोकांना ऐकवले. ब्रँड दिसेनासा झाला की बहुतेकांची पसंती एकाच तऱ्हेच्या स्पीकरला जाते: समोरून सपाट आणि बाजूंना सरकावं तसा सावकाश, खाचखळग्यांशिवाय उतरत जाणारा. याच कामातून सीटीए-२०३४ हे मापनाचं मानक आलं. त्यात स्पीकरभोवती आडव्या आणि उभ्या वर्तुळात दर १० अंशांवर मिळून ७० मापं घेतात. अशा आलेखांना लोक ‘स्पिनोरामा’ म्हणतात. तुम्हाला आवडलेल्या स्पीकरचा असा आलेख मिळाला तर त्यातल्या रेषा एकमेकींना समांतर, शांतपणे खाली येताहेत का, एवढं बघा. दोन किलोहर्ट्झच्या आसपास एखादी रेष खड्ड्यात पडून पुढे एकदम वर उसळली असेल, तर वूफर आणि ट्वीटरचं तिथे जमलेलं नाही.

जास्त पैसे मोजून नेमकं काय मिळतं, असं विचाराल तर: न थरथरणारी जड पेटी, मोठ्या आवाजातही न फाटणारे ड्रायव्हर (म्हणजे वूफर आणि ट्वीटर), नीट विचार केलेला क्रॉसओव्हर (सूर त्या दोघांत वाटून देणारं सर्किट) आणि जोडीतल्या दोन्ही स्पीकरचं एकमेकांशी तंतोतंत जुळणं. पेटीवर बोटाच्या पेराने टकटक करून बघा. रिकाम्या डब्यासारखा नाद आला तर ती पेटी गाण्याबरोबर स्वतःही थोडं गाणार.

पोर्ट, म्हणजे खर्जासाठी पेटीला ठेवलेलं भोक, मागे आहे की पुढे यावर फार वाद घालतात. मागचा पोर्ट भिंतीजवळ चालत नाही म्हणतात, त्यात अर्धंच तथ्य आहे. पोर्टला श्वास घ्यायला त्याच्या तोंडाच्या व्यासाएवढी-दीडपट जागा पुरते. भिंतीजवळ खर्ज फुगतो तो खालचे सूर पेटीच्या चहूबाजूंना पसरतात म्हणून, आणि पोर्ट पुढे असला तरी ते व्हायचंच. मागे जागाच नसेल तर हवाबंद पेटी किंवा पोर्टमध्ये घालायचा फोमचा बोळा सोबत देणारा स्पीकर बघा.

तिसरी पायरी: ॲम्प्लिफायर

आवाज ३ डेसिबल वाढवायला वॉट दुप्पट लागतात, आणि कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला लागणारे १० डेसिबल हवे असतील तर दहापट. ८६ डेसिबलचा स्पीकर घ्या. अडीच मीटरवर बसल्यावर मोकळ्या हवेच्या हिशेबाने ८ डेसिबल गळतात, दोन स्पीकर असल्याने ३ परत येतात, खोलीही थोडे परत करते. म्हणजे एका वॉटला साधारण ८१ ते ८४ डेसिबल. घरातलं रोजचं ऐकणं ७५ च्या आसपास असतं, म्हणजे एक वॉटसुद्धा लागत नाही! पण तबल्यावर जोरात थाप पडते किंवा पियानोवर दोन्ही हात आपटतात, तेव्हा आवाज क्षणभर २० डेसिबल उसळतो. त्या क्षणासाठी २५ वॉट हाताशी हवेत. म्हणून ५० ते १०० वॉटचा, ४ ओहमला न डगमगणारा ॲम्प्लिफायर मध्यम खोलीला भरपूर झाला. ताकदीबाहेर ताणलेला छोटा ॲम्प्लिफायर आवाज कापायला लागतो आणि त्या फाटलेल्या आवाजात ट्वीटर जळतात. मोठा ॲम्प्लिफायर बेताने वाजवणं जास्त सुरक्षित.

ही डोकेदुखी नकोच असेल तर ॲक्टिव्ह स्पीकर घ्या. त्यांच्या पोटातच ॲम्प्लिफायर असतो आणि तो त्याच ड्रायव्हरसाठी बेतलेला असतो. मी आज नव्याने सुरुवात करत असतो तर बहुधा तेच घेतले असते. फक्त एक लक्षात ठेवा: प्रत्येक पेटीपाशी विजेचं सॉकेट लागतं आणि आतलं इलेक्ट्रॉनिक्स बिघडलं की अख्खा स्पीकर दुरुस्तीला जातो.

चौथी पायरी: घेण्याआधी ऐका

ओळखीचं रेकॉर्डिंग घेऊन जा. दुकानदाराचं ठेवणीतलं गाणं कुठल्याही स्पीकरवर चांगलंच वाजतं. मी चार-पाच गोष्टी नेतो. एक एकट्या पुरुषाचा बोलता आवाज, कारण माणसाचा आवाज कसा असतो हे कानाला जन्मापासून ठाऊक आहे. छातीतून घुमल्यासारखा किंवा नाकात बोलल्यासारखा वाटला तर स्पीकर खोटं सांगतोय. दुसरा नुसता तानपुरा, दोन मिनिटं. चार तारांतून निघणारं ते सुरांचं जाळं सलग विणलेलं ऐकू यायला हवं. वूफर आणि ट्वीटर जिथे एकमेकांना हात देतात तिथे सांधा असेल तर तानपुरा लगेच चहाडी करतो. तिसरा तबल्याचा डग्गा: मींड घेताना सूर सरकत जातो तो प्रत्येक पायरीवर कळतो का, की नुसताच बद्द दणका येतो? मग एक वाद्यवृंद, गर्दीत काय होतं ते बघायला.

तुलना करताना दोन्ही स्पीकरचा आवाज सारखा ठेवा. एक जरी डेसिबल मोठा असला तरी कान त्यालाच ‘जास्त स्पष्ट’ म्हणून मोकळे होतात. आणि पहिल्या दहा मिनिटांत भुरळ घालणाऱ्या स्पीकरपासून सावध. वरचे सूर थोडे चढवले की सगळं चकचकीत वाटतं, तासाभराने डोकं दुखतं. यामाहाचा एनएस-१० हा स्पीकर १९७८ साली घरासाठी म्हणून आला. घरांत फारसा चालला नाही, पण जगभरच्या स्टुडिओंत मिक्सिंगच्या टेबलावर जाऊन बसला, कारण रेकॉर्डिंगमधले दोष तो तोंडावर फेकून मारायचा. तिथेही काही इंजिनियर ट्वीटरवर टिश्यू पेपर चिकटवायचे! कामाचा स्पीकर आणि संध्याकाळी पाय पसरून ऐकायचा स्पीकर यांतला फरक एवढ्यातच कळतो.

दुकानातला निकाल मात्र अर्धाच निकाल. घरी दोन-चार दिवस ठेवून बघायची सोय कोणी देत असेल तर पहिल्यांदा त्याच्याकडे जा.

पाचवी पायरी: मांडणी

इथे घाई करू नका, अख्खी दुपार राखून ठेवा. पेटी उघडताना दोन्ही हात खालून घाला. ट्वीटरच्या घुमटाला बोट लावायचं नाही, एकदा आत दबला की पूर्ववत होणं कठीण.

स्टँड जड हवेत. पोकळ नळ्यांचे असतील तर त्यांत कोरडी वाळू भरा. स्टँडच्या वरच्या पट्टीवर चारी कोपऱ्यांत ब्लू-टॅक या चिकट पुट्टीची वाटाण्याएवढी गोळी ठेवून स्पीकर दाबून बसवा, तो घसरतही नाही आणि खडखडतही नाही. स्टँडची उंची तो विकत घेण्याआधीच ठरवा: नेहमीच्या जागी बसा, जमिनीपासून कानापर्यंतचं अंतर घ्या (बहुतेकांचं ९० ते १०५ सेंटीमीटर येतं), त्यातून पेटीच्या तळापासून ट्वीटरपर्यंतची उंची वजा करा. साधारण ६० ते ७० सेंटीमीटरचा स्टँड लागेल. कान या रेषेच्या फार वर-खाली गेला तर वूफर आणि ट्वीटरचे आवाज थोडे मागेपुढे पोचतात आणि दोघांच्या सांध्यावरचे सूर एकमेकांना खातात. पेटी आडवी झोपवली की हाच दोष डावी-उजवीकडे होतो, म्हणून ती उभीच ठेवा. ज्यांत ट्वीटर वूफरच्या मध्यातच बसवलेला असतो, उदाहरणार्थ २०१२ साली आलेला केईएफचा एलएस५०, ते या बाबतीत जास्त माफ करतात.

आता त्रिकोण. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं, तिन्ही बाजू सारख्या. दोन मीटर, दोन मीटर, दोन मीटर. डाव्या-उजव्या बाजूच्या मापात एक-दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक नको. दोरी वापरा, डोळ्यांवर विसंबू नका.

मग एकच आवाज दोन्ही स्पीकरमधून सारखा येईल असं मोनो रेकॉर्डिंग लावा. तो आवाज दोन्ही पेट्यांच्या बरोब्बर मध्ये, हवेत, एका ठिकाणी उभा राहायला हवा. पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा बाबांना खुर्चीत बसवलं होतं आणि म्हटलं, “बाबा, डोळे मिटा आणि गाणारी कुठे बसलीय ते बोटाने दाखवा.” बाबांनी बोट उचललं, थोडं डावीकडे नेलं, उजवीकडे आणलं आणि खाली ठेवलं. म्हणाले, “अरे, तिला बसायला जागाच सापडत नाहीये.” मी पेट्या वळवल्या, मागेपुढे केल्या, खिडकीचा पडदा ओढला. तासभर घाम गाळल्यावर मागे वाकून बघतो तर उजव्या स्पीकरच्या लाल खुंटीत काळी वायर. एक वूफर बाहेर येत असताना दुसरा आत जात होता. गाणारी हरवली होतीच, खालचा खर्जही जवळजवळ संपला होता. वायर बदलली आणि बाबांचं बोट सरळ टीव्हीच्या वर, भिंतीवरच्या घड्याळाकडे गेलं. तेव्हापासून मी ऐकण्याआधी वायर बघतो, आणि तुम्हीही आधी तेच करा.

यानंतर मागची भिंत. स्पीकरमधून मागे गेलेला खर्ज भिंतीवर आपटून परततो आणि ज्या सुराची पाव लाट त्या अंतराएवढी असते तो सूर कापला जातो. पेटीचा पुढचा भाग भिंतीपासून ६० सेंटीमीटरवर असेल तर हा खड्डा सुमारे १४३ हर्ट्झला पडतो, पुरुषी आवाजाच्या ऐन भरात. एक मीटरवर नेला तर ८६ हर्ट्झ. खड्डा पूर्ण टाळता येत नाही, कुठे पडू द्यायचा हे मात्र आपल्या हातात असतं. वूफरपासून मागची भिंत, बाजूची भिंत आणि जमीन ही तिन्ही अंतरं सारखी येऊ देऊ नका, नाहीतर तिन्ही खड्डे एकाच जागी खणले जातात.

माझी पद्धत अशी. जमिनीवर कागदी चिकटपट्टी लावायची, तिच्यावर भिंतीपासून दर १० सेंटीमीटरला पेनने खूण. पुरुषाच्या आवाजाचं आणि डबल बेसचं अशी दोन रेकॉर्डिंग आलटून-पालटून लावायची. ३० सेंटीमीटरपासून सुरुवात करून दोन्ही स्पीकर एकेक खूण पुढे आणायचे आणि प्रत्येक खुणेपाशी एका शब्दात लिहून ठेवायचं. माझ्या एका कागदावर असं आहे: ३० घुमतो, ४० घुमतो, ५० जाड, ६० पोकळ, ७० बरा, ८० मोकळा, ९० मोकळा पण पाय गेले. ‘पाय गेले’ म्हणजे डबल बेसचा तळ सुटला. ८० वर थांबलो, मग दोन-दोन सेंटीमीटरने चाळवून ७८ वर खिळा ठोकला. पुढच्या घरात हा आकडा निरुपयोगी ठरेल, पद्धत मात्र तीच.

शेवटी तोंड आत वळवणं. दोन्ही स्पीकर सरळ समोर बघत असतील तर आवाजाचा पट रुंद होतो, मधला गायक थोडा विरतो. थेट तुमच्या कानांकडे वळवले तर गायक धारदार होतो, काही स्पीकर कर्कशही होतात. आधी असे वळवा की दोन्हींच्या नाकाची रेष तुमच्या डोक्याच्या थोडं मागे एकमेकींना छेदेल. मग कमी-जास्त करा. दोन्हींचा कोन मात्र अगदी सारखा हवा.

खोलीची साफसफाई

टाळी वाजवा. तिच्या मागे ‘टर्रर्र’ असा बारीक फडफडता नाद आला तर समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाज चेंडूसारखा खेळवताहेत. त्यांतल्या एकीवर पुस्तकांचं कपाट उभं करा. ओबडधोबड उंचीची पुस्तकं आवाज छान विखुरतात, फळीचा खरा उपयोग हा. पहिलं परावर्तन शोधायला तुम्ही खुर्चीत बसा आणि दुसऱ्या कोणाला तरी बाजूच्या भिंतीवरून छोटा आरसा सरकवायला सांगा. आरशात ज्या जागी ट्वीटर दिसेल तिथून आवाज तुमच्याकडे उसळतोय. तिथे जाड, चुण्यांचा पडदा किंवा १० सेंटीमीटर जाडीचं खनिज लोकरीचं पॅनेल लावा. जमिनीवर स्पीकर आणि तुमच्या मध्ये गालिचा. पण सगळी खोली पातळ पडद्यांनी आणि फोमने मढवू नका. पातळ कापड फक्त वरचे सूर पिऊन टाकतं, खर्जाला ते कळतही नाही. परिणामी खोली मेलेली आणि तरीही घुमणारी, असा दोन्हीकडून तोटा.

खर्जाचा फुगवटा मांडणीनेही आवरला नाही तर मोजमाप करा. रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्याला मिनिडीएसपीचा यूमिक-१ सारखा कॅलिब्रेट केलेला यूएसबी माइक जोडला की खोली काय करते ते आलेखावर दिसतं. ईक्वलायझरने (निवडक सूर कमी-जास्त करणाऱ्या सोयीने) साधारण ३०० हर्ट्झच्या खालचे उंचवटे कापा. खड्डे भरायच्या भानगडीत पडू नका. तिथे दोन लाटा एकमेकींना मारत असतात, तुम्ही जितका जोर लावाल तितकाच परतणाऱ्या लाटेलाही चढतो आणि वूफर उगाच दमतो.

सबवूफर (फक्त खर्जासाठीची वेगळी पेटी) घ्यायचाच असेल तर स्पीकर पूर्ण बसवल्यावर महिनाभराने. ८० हर्ट्झच्या आसपास विभागणी ठेवा: त्याखालचे सूर सबवूफरला, वरचे स्पीकरला. त्याची जागा शोधायला एक हास्यास्पद पण खात्रीचा उपाय आहे: सबवूफर तुमच्या बसायच्या जागेवर ठेवा, खर्जाचं गाणं लावा आणि स्वतः जमिनीवर रांगत फिरा. जिथे प्रत्येक सूर सारखा ऐकू येईल तिथे सबवूफर न्या. घरच्यांना आधी कल्पना देऊन ठेवा.

वायर आणि बाकी किरकोळ

साधी तांब्याची वायर घ्या. पाच मीटर लांबीला २.५ चौरस मिलिमीटर जाडी असेल तर जाऊन-येऊन अडथळा ०.०७ ओहमच्या आसपास होतो, ८ ओहमपुढे नगण्य. तीन मीटरला १.५ चौरस मिलिमीटर पुरते. याहून जास्त पैसे वायरीत घालायचे असतील तर ते गालिच्यात घाला. टोकांना बनाना प्लग लावले तर सुट्या तारा एकमेकींना चिकटून ॲम्प्लिफायर शॉर्ट होण्याची भीती राहत नाही. जोडताना ॲम्प्लिफायर बंद.

‘शंभर तास वाजवल्यावर स्पीकर खुलतो’ असं कोणी सांगेल. वूफरची नवी किनार थोडी सैल होते, तेही बहुतेक पहिल्या काही तासांत. बाकी बहुतांश खुलतात ते आपले कान. म्हणून आवडला नाही तर परत करायची मुदत या आशेवर घालवू नका.

जाळी ऐकताना काढा, घरात लहान मूल असेल तर ऐकून झाल्यावर लगेच लावा. घुमटावरची धूळ मऊ ब्रशने, कापडाने नाही. स्टँडच्या पायांभोवती जमिनीवर पेन्सिलीने खुणा करून ठेवा. केर काढताना पेट्या सरकतातच, आणि सरकवणारा त्या मागे ढकलतो, पुढे कधीच ओढत नाही. आमच्याकडे अजूनही आठवड्यातून एकदा ७८ चे ६० होतात आणि बाबा खुर्चीत बसल्या बसल्या सांगतात, “अरे, आज पुन्हा पोकळ वाजतंय, खुणा बघ.”